तोंडावरचा पुठ्ठा

टेम्पो मागं येत होता आणि त्याच्या मागच्या चाकाशी आर्वी उकिडवी बसून आपला चेंडू काढत होती.

"सुदा, थांब!" तृप्ती ओट्यावरून ओरडली. टेम्पो थांबला नाही. पोरीनं वर पाहिलं आणि "बाबाऽऽ" अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. टेम्पो येतच राहिला. तृप्तीनं हातातला कप टाकला, धावत जाऊन आर्वीचा दंड धरला आणि तिला भिंतीकडं ओढलं. चाक चेंडूवर चढलं. तो हिसका बसला तेव्हा कुठं गाडी थांबली.

सुदर्शन खाली उतरला. बहिणीचा पांढराफटक चेहरा, पोरीचं रडं आणि चाकाखालचा चपटा चेंडू त्यानं आळीपाळीनं पाहिला.

"काय झालं गं, अक्का?"

"मी ओरडत होते! ही ओरडत होती! तुला ऐकू नाही आलं?"

"अगं, इंजिनच्या आवाजात..." तो सवयीनं म्हणाला आणि मध्येच थांबला. टेम्पो बॅटरीवरचा होता. मांजर चालावं तसा चालायचा.

मेघा, सुदर्शनची बायको, घरातून पळत आली. तिनं पोरीला उराशी धरलं आणि नवऱ्याला बोल बोल बोलली. तृप्ती फुटक्या कपाचे तुकडे गोळा करायला लागली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि ती कुणावर काढावी हे तिला कळत नव्हतं. कारण काही महिन्यांपूर्वीच तिनं स्वतः, आपल्या दवाखान्यात, धाकट्या भावाचे कान तपासले होते. शब्दांच्या चाचणीत सुदर्शनला पैकीच्या पैकी मिळाले होते. त्या निकालाखाली सही होती: तृप्ती डाके, श्रवणतज्ज्ञ.

मग हा माणूस बहिरा कसा?

हे समजायचं तर आधी जयवंतपूर समजायला हवं. गाव यंत्रमागांचं. सकाळी पहिला चहा व्हायच्या आत घराघराच्या मागच्या शेडमध्ये आणि मालकांच्या कारखान्यांत माग सुरू होतात. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटत असतो आणि जमीन हलत असते. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून इथली माणसं तोंड मोठं करून, ओठांचा आकार नीट दाखवून बोलतात आणि उरलेलं हातांनी सांगतात. मूठ वळून मनगट पिळलं की 'माग बंद कर'. दोन बोटं घासली की 'धागा तुटला'. ही सवय घरातही येते. जयवंतपूरचं पोर बापाशी बोलण्याआधी त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवतं. बाहेरून आलेल्या सुनांना आधी हे फार गोड वाटतं.

अशा गावात एकच गोष्ट कुणी खपवून घेत नाही. बोलताना तोंडावर हात धरायचा नाही. तोंड झाकून बोलणारा एक तर चहाडी करतो नाही तर शिवी देतो, हा इथला कायदा. नवऱ्या मुलाच्या आत्यानं तोंडाला पदर लावून काहीतरी म्हटलं एवढ्यावरून ठरलेलं लग्न मोडल्याचं गावाला अजून आठवतं. ती बिचारी म्हणे शिंक अडवत होती.

आणि या गावात प्रत्येक घरात एक तरी माणूस असा, ज्याच्या कानात शिट्टी वाजते.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. चिरके, बारीक आवाज पकडणाऱ्या पेशी दाराशीच बसलेल्या, म्हणून गोंगाटाचा मार आधी त्या खातात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून काही येईनासं झालं की मेंदू बावचळतो. रेडिओवर स्टेशन लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, तसा तो आपला आवाज वाढवत नेतो आणि शेवटी स्वतःचीच खरखर ऐकत बसतो. हीच ती शिट्टी. डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात. बाहेर काही वाजत नसतं, पण ऐकणाऱ्याला ती खरी असते. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी इतकी खरी असते.

तृप्तीचे वडील, आण्णा, ही शिट्टी ऐकतच गेले. शेवटच्या दिवसांत म्हणायचे, "मेल्यावर तरी गप बसंल न्हवं ही?" तृप्ती श्रवणतज्ज्ञ झाली ती त्या वाक्यापायी. शिकून परत आली आणि बाजारपेठेत तिनं छोटा दवाखाना काढला. जे हरवलंय ते श्रवणयंत्रानं भरून काढायचं, निजायच्या वेळी मंद आवाज लावायला शिकवायचं, धीर द्यायचा, आणि उरलेला कान गोंगाटापासून जपायला लावायचा. यात जादू नव्हती, चिकाटी होती. माणसं हळूहळू शिट्टीला विसरायला शिकत.

मग 'शमन' आलं. शर्टाच्या बटणाएवढं यंत्र, कानामागं चिकटवायचं. गावात त्याचं नाव पडलं 'बटण'. मेंदूची ती रिकामी खरखर ते टिपायचं. नेमक्या त्याच क्षणी कानाच्या पाळीतल्या एका नसेला मुंगी चावल्याइतका विजेचा स्पर्श करायचं, आणि हरवलेल्या सुरांच्या जागी अगदी मंद आवाज सोडायचं. 'इथं काही नाही, आवाज कमी कर,' हे ते मेंदूला पुन्हा पुन्हा शिकवायचं, आणि मेंदू शिकायचा. बटण कानामागं असेपर्यंत शिट्टी बंद.

तृप्तीनं पहिलं बटण आपल्या भावाला लावलं. सुदर्शन जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा, त्यामुळे सगळ्यात जास्त खडखडाट त्याच्याच वाट्याला. शिट्टीनं त्याची झोप खाल्ली होती, भूक खाल्ली होती. मेघानं एकदा त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी आणलं होतं. बटण लागलं आणि तो दवाखान्यातच खुर्चीत रडायला लागला. "अक्का, शांत हाय गं. सगळं शांत हाय." तृप्तीही रडली. तिनं पथ्यं सांगितली: शेडमध्ये कान झाकणारे मफ घालायचेच, आणि ठरल्या वेळी तपासणीला यायचंच. तो सगळ्याला हो म्हणाला.

पण शिट्टी गेल्यावर पथ्य कोण पाळतो? पोटात दुखायचं थांबलं की गोळ्यांची पट्टी फेकणारे आपण लोक. सुदर्शनचे मफ खुंटीवर लटकले ते लटकलेच. पुढं ज्यांना ज्यांना तिनं बटणं लावली त्यांचेही.

बटण बनवणाऱ्या कंपनीला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की गोंगाटात काम करणाऱ्या माणसाला बटण लावल्यावर बोलणं कितपत कळतं. तृप्तीनं आपले सगळे रुग्ण तपासले. बारीक सूर कानातून गळालेले आलेखात दिसायचे, पण शब्दांच्या चाचणीत सगळे पास. कंपनीनं त्यावर सिद्धान्त मांडला की शिट्टीच्या तावडीतून सुटलेला मेंदू उरल्यासुरल्या आवाजातून शब्द सांधून घेतो. तृप्तीला तो पटला. खोटं कशाला बोला, ती हरखून गेली होती. दिल्लीच्या परिषदेत 'जयवंतपूरचा अभ्यास' म्हणून तिच्या कामाची चर्चा झाली.

आणि त्या अभ्यासावर मालक लोकांनी आपला मांडव घातला. सरकारनं नुकताच नियम केला होता: मागांना आवाज कोंडणारी झाकणं बसवा, पाळ्या लहान करा. मालकांना तो खर्च नको होता. आता त्यांना वाट सापडली. कान नासतच नसतील तर आवाज कमी करायचा कशाला? ज्या कारखान्यात प्रत्येक कामगाराला बटण, त्या कारखान्याला नियमातून सूट. बटण लावायला श्रवणतज्ज्ञही नको. नवं बटण आपलं आपण जुळवून घेतं, फाटकावरचा वॉचमन चिकटवील. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं! येत्या रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात करार व्हायचा होता. चौकाचौकात फलक लागले होते, 'शिट्टी गेली, चिंता गेली', आणि त्यावर हसणारा चेहरा सुदर्शनचा होता.

फुटलेल्या चेंडूच्या त्या संध्याकाळी आर्वी हुंदके देत बापाजवळ गेली. तिनं दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, "बाबा, नवा चेंडू पायजे. पिवळा."

"पिवळाच आणूया," सुदर्शन लगेच म्हणाला.

तृप्ती बघत राहिली. मग चप्पलही नीट न घालता ती दवाखान्याकडं निघाली.

दवाखान्यातल्या चाचणीत रुग्ण काचेच्या खोलीत बसतो आणि तज्ज्ञ बाहेरून माइकवर शब्द वाचतो. या भागातल्या बोलीचे शब्द कुणी ध्वनिमुद्रित केले नव्हते म्हणून तृप्ती ते स्वतःच वाचायची. वाचताना तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. तिनंही सुरुवातीला धरला होता. पहिलाच म्हातारा विणकर काचेच्या खोलीतून ताडकन उठून बाहेर आला होता. "डाक्याची पोर तू. तुझ्या बापाशेजारी माग चालवलाय मी. माझ्यासमोर तोंड झाकतीस?" तो गेला तो गेलाच. दुसराही गेला. मग तिनं पुठ्ठा ठेवून दिला. आपलीच माणसं आहेत, कशाला दुखवायची? आणि ती विणकराचीच पोर. तोंड मोठं करून, ओठांचा आकार नीट दाखवून बोलायची सवय तिच्या रक्तात. तिनं काचेमागून शब्द वाचले आणि सगळ्या गावानं ते डोळ्यांनी ऐकले.

पुठ्ठा कपाटाच्या डोक्यावर धूळ खात पडला होता. तृप्तीनं तो काढला आणि टेबलावर आपटला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जुने रुग्ण परत बोलावले. काचेवर पडदा ओढला आणि शब्द वाचले. जे पैकीच्या पैकी घेऊन गेले होते ते आता निम्म्यावरही येत नव्हते. ज्यांनी मफ टाकले होते त्यांचे आलेख तर पहिल्या तपासणीपेक्षा पार खाली घसरले होते. शिट्टी ही कानाची बोंब होती. बटणानं बोंब बंद केली होती, आणि आत मरण चालूच होतं. पूर्वी पाळी संपल्यावर शिट्टी वाढली की माणूस चार दिवस सुट्टी तरी घ्यायचा. आता त्याला काही कळतच नव्हतं.

तिनं कंपनीच्या सरनोबतांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, अभ्यास तुमचा, सही तुमची. आता चाचणी चुकली म्हणता?"

"हो, चुकली. करार थांबवा."

"चाचणी कशी चुकेल? चुकलात तर तुम्ही. तसं जाहीर केलंत तर दवाखान्याची मान्यता राहील का, याचाही विचार करा. आम्हाला तुमची काळजी वाटते, म्हणून बोललो."

"माझी काळजी वॉचमनकडं द्या. तो चिकटवील," तृप्ती म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

मालक संघाचे अध्यक्ष इंगवले यांच्याकडं ती स्वतः गेली. ते झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते.

"इंगवलेकाका, धागा तुटला की तुमचा माग आपोआप थांबतो. ती कळ कुणी काढून ठेवली तर?"

"सगळं कापड नासंल की. हाकलून देईन त्याला."

"माणसातली तीच कळ तुम्ही काढायला निघालाय."

इंगवले हसले. "आता माणूस म्हंजे काय कापड हाय व्हय, तृप्ते?"

एवढ्या शांतपणे म्हणाले ते. तृप्तीच्या मनात आलं, त्यांचा अडकित्ता घ्यावा आणि झोपाळ्याची दोरी कापावी. ती नमस्कार न करता उठली.

राहिला सुदर्शन. तो तपासणीला यायचं नाव घेईना, तेव्हा तीच त्याच्या घरी गेली आणि त्याच्यासमोर बसून तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, म्हणजे तिच्या ओठांकडं बघत गेला, आणि त्याचा चेहरा लाल होत गेला.

"म्हंजे बटण काढायचं?"

"नाही. बटण वाईट नाही. मफ घालायचे, श्रवणयंत्र लावायचं, आणि त्या करारात तू उभं राहायचं नाही."

"मफ घालून जॉबरला कळतंय व्हय माग कुठं अडकलाय? आणि करारानंतर मला सुपरवायझर करणार हायत. तुझ्या डोळ्यात खुपतंय ते."

"सुदा, परवा तुझी पोर चाकाखाली जात होती!"

"गेली न्हाई न्हवं!" तो ओरडला. "तुला काय ठाऊक गं? तू रातभर ती शिट्टी ऐकलीस? विहिरीत वाकून बघितलंस? शांत झोपालोय आता, तर तूच उठवायला आलीस. मला काय सुदीक झालेलं न्हाई. तुझ्याच चाचणीत पास झालोय मी!"

ती उठली. दाराशी मेघानं तिचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, सैपाकघरातनं हाक मारली की ह्यांना कळत न्हाई. मला वाटायचं, मुद्दाम करत्यात. लई भांडलोय आम्ही त्यापायी."

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत शाळामास्तर, डॉक्टर, पत्रकार, मालकांच्या बायका. मागं सगळे विणकर, कानामागं बटणं. व्यासपीठावर इंगवले, सरनोबत आणि मुंबईहून आलेले सरकारी अधिकारी. सुदर्शन हार घालून कडेला उभा होता. मेघा दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीवरून आर्वी कधी सुटली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढून बापामागं जाऊन उभी राहिली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं फक्त तृप्तीच्या.

"आणि आता, ज्यांच्या अभ्यासामुळं आजचा दिवस उगवला त्या आपल्या गावच्या लेकीनं दोन शब्द बोलावेत," सरनोबत म्हणाले. त्यांना वाटलं असावं, मान्यतेच्या धाकानं बाई वठणीवर आली.

तृप्ती उठली. माइक तिनं बंद करून टेबलावर ठेवला. पिशवीतून पुठ्ठा काढला, सुदर्शनकडं वळली आणि भर सभेत, सगळ्या विणकरांसमोर, तिनं तो आपल्या तोंडावर धरला.

सभागृह गार पडलं. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. मागच्या रांगांत माणसं जागची उठली. भरसभेत सख्ख्या भावाला शिवी! त्या शांततेत तृप्ती नेहमीच्या आवाजात, स्पष्ट बोलली.

"सुदा, आर्वी तुझ्या मागं उभी आहे."

पुढच्या रांगांतल्या सगळ्या माना एकदम वळल्या. मास्तर, डॉक्टर, मालकांच्या बायका, अधिकारी, सरनोबतसुद्धा, सगळे सुदर्शनच्या मागं बघायला लागले. मागच्या रांगांतलं एकही डोकं हललं नाही. विणकरांचे डोळे संतापानं त्या पुठ्ठ्यावर खिळले होते. सुदर्शनचेही.

"तोंड झाकतीस?" तो म्हणाला. "माझ्यासमोर? एवढ्या लोकांत?" त्यानं गळ्यातला हार तोडून फेकला आणि जायला म्हणून रागानं मागं पाऊल टाकलं. त्याचा गुडघा आर्वीला लागला. पोर पायरीवरून खाली पडली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

सुदर्शन तसाच बहिणीकडं बघत उभा होता. समोरून मेघा तोंड उघडं टाकून धावत येताना दिसली, तेव्हा कुठं तो वळला.

तृप्तीनं पुठ्ठा खाली घेतला. आता ती विणकरांकडं वळली आणि जयवंतपूरच्या पद्धतीनं, तोंड मोठं करून, हातांनी खुणा करत बोलली. "मी शिवी दिली नाही. मी म्हणाले, आर्वी तुझ्या मागं उभी आहे. ज्यांचे कान शाबूत त्यांनी ऐकलं. तुम्हाला कुणाला ऐकू आलं? मी तुमची चाचणी चुकीची घेतली. तुम्ही माझे ओठ वाचलेत आणि मी तुम्हाला पास केलं. तुमची शिट्टी गेली, पण कान जायचे थांबलेले नाहीत. माझी सही मी परत घेते. या लोकांना हे सांगितलं होतं. यांनी मला दवाखान्याचा धाक घातला!"

 अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सरनोबतांना काहीतरी विचारलं. सरनोबत म्हणाले, "हे सगळं नाटक आहे." हे मात्र त्यांनी तोंडावर हात धरून म्हटलं, आणि मागच्या रांगांतून एक खुर्ची व्यासपीठाच्या दिशेनं आली.

त्या दिवशी करार झाला नाही. पण मालक लोक असे थोडेच ऐकतात! 'प्रयोग म्हणून' असं म्हणत इंगवल्यांच्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं बटणं चिकटवायला सुरुवात केली. कंपनीनं तृप्तीला नोटीस धाडली. सुदर्शन तिच्याशी बोलेना. जखम आर्वीच्या कोपराला झाली होती, पण गावानं दोन तट पाडून ती महिनाभर चघळली.

एका दुपारी दवाखान्याचं दार उघडलं आणि सुदर्शन आत आला. बहिणीकडं न बघता तो काचेच्या खोलीत गेला. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं ती उचलून फिरवली आणि काचेकडं पाठ करून बसला.

"आता घे," तो म्हणाला.

तृप्तीकडं आता नवे शब्द होते. मेघाच्या मदतीनं तिनं ते ध्वनिमुद्रित केले होते, आर्वीच्या आवाजात. तिनं आवाज तेवढाच ठेवला, जेवढा चार वर्षांचं पोर घरात बोलतं, आणि कळ दाबली.

"भाकरी," आर्वीचा आवाज म्हणाला. "चेंडू. पाऊस. बाबा."

सुदर्शन हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता.

"खिडकी. साखर. बाबा."

"सुरू कर की, अक्का," सुदर्शन म्हणाला.

तृप्तीनं यंत्र बंद केलं.  ती उठून आत गेली, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि आर्वी धरते तशी तिनं त्याची हनुवटी धरली.

"संपलं, सुदा. सगळे शब्द झाले. तुझी पोर बोलत होती."

 सुदर्शननं हात वर नेऊन कानामागचं बटण ओरबाडून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे काढायची गरज नाही," तृप्ती म्हणाली. "कान जपून हेच वापरता येतं. श्रवणयंत्र लावू, तिचं बोलणं पुन्हा कळायला लागेल. मी आहे ना."

"ठाऊक हाय. लावीन की परत, मागांना झाकणं बसून कान जपाय मिळाले की. आज न्हाई." त्यानं डोळे मिटले. "ती शिट्टी निदान खरं तरी बोलत हुती."

 हळूहळू सुदर्शनचा जबडा आवळला, कपाळावर आठ्या आल्या.

"आली," तो म्हणाला.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो उठून उभा राहिला होता. विहिरीकडं जायचा तेव्हाचा चेहरा तिला आठवत होता. हा तो नव्हता. हा मागात हात घालून अडकलेला धोटा उपसतानाचा चेहरा होता.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"इंगवल्यांच्या फाटकावर. दुसरी पाळी आत जायची वेळ झाली. बटण चिकटवून घ्याय रांगेत उभी असतील सगळी." तो दारापर्यंत गेला आणि वळून, तोंड मोठं करून, तिला नीट दिसेल असं म्हणाला, "आणि तो पुठ्ठा घे बरोबर."